लिऊ बरा आहे

निशिकांतने जन्मात कुणाचं कौतुक केलं नाही असं म्हटलं तर त्याच्यावर अन्याय होईल. तो कौतुक करायचा, फक्त त्यासाठी त्याच्याकडे शब्द दोनच होते, ‘ठीक आहे’ आणि ‘बरं आहे’. त्यातला ‘बरं आहे’ हा वरच्या दर्जाचा. तो सणासुदीला बाहेर निघायचा.

घराणंच तसं. दहावीला हा गुणवत्ता यादीत आला तेव्हा वडिलांनी गुणपत्रिका चष्म्याखालून पाहिली आणि गणितातले तीन गुण कुठे सांडले, एवढंच विचारलं. मग पेढे आणायला स्वतः गेले आणि परत येऊन पेढे ‘ठीक’ आहेत म्हणाले. अशा घरात वाढलेला मुलगा सुलेखाला पाहायला कोल्हापुरात गेला. तिच्या माहेरी साध्या आमटीलाही ‘एक नंबर’ म्हणायची पद्धत. याने मध्यस्थाकडून निरोप पाठवला, ‘मुलगी बरी आहे.’ सुलेखा दोन दिवस जेवली नाही. शेवटी निशिकांतच्या आत्यानेच फोन करून तिला समजावलं, “अगं, बरी म्हणाला म्हणजे पुरता वेडा झालाय. आमच्याकडचा शब्द दोन पायऱ्या वर चढवून घ्यायचा असतो.”

सुलेखा ते शिकली. पंधरा वर्षं ती नवऱ्याचा प्रत्येक शब्द इमानेइतबारे दोन पायऱ्या वर चढवून घेत होती. पुरणपोळी ‘ठीक’ म्हणजे फार सुरेख. साडी ‘बरी’ म्हणजे तू आज अप्सरा दिसतेस. हे काम पगारी नव्हतं, आणि सुट्टीही नव्हती.

पुण्यात ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची. निशिकांतला सिंगापूरला जुरोंग आयलंडवरच्या एका रसायन कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचा मॅनेजर म्हणून नोकरी लागली आणि सुलेखा त्याच्यामागून तिथल्या पुंगोल उपनगरात चौदाव्या मजल्यावर येऊन पडली. तिला मिळाला डिपेंडंट पास, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून असलेल्या बायकोचा परवाना. नावाला चिकटवायचं विशेषण सरकारनेच छापून दिल्यामुळे तिला वेगळं काही शोधावं लागलं नाही. पण रिकामं बसणं अंगाला मानवेना, म्हणून ती दर शनिवारी सकाळी जवळच्या कम्युनिटी क्लबमध्ये चिनी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना फुकट इंग्रजी शिकवू लागली.

वर्गात बाराजण होते. नातवंडं सांभाळायला आलेल्या दोन आज्या, एक केस कापणारी बाई, बाकीचे कारखान्यांत आणि गोदामांत राबणारे. त्यांचा घोळ व्हायचा तो जवळजवळच्या विशेषणांत. फोनवरच्या शब्दकोशात चिनी शब्द घालावा तर समोर चार इंग्रजी शब्द रांगेत उभे राहायचे, आणि त्यातला कोणता घ्यायचा हे सांगायला फोन बांधील नव्हता. म्हणून एका आजीचा नातू ‘टॉल’ असण्याऐवजी ‘हाय’ असायचा. केशकर्तनवाली म्हणायची, “मी पुस्तकात फार इंटरेस्टिंग आहे.” सुलेखा हसायची नाही. फळ्यावर दोन शब्द शेजारी शेजारी लिहायची आणि म्हणायची, “हे दोघे चुलतभाऊ आहेत. तोंडावळा सारखा, पण एकाच्या घरी जेवायला जाल आणि दुसऱ्याच्या घरी पैसे मागायला.”

वर्गातला सर्वांत मन लावून शिकणारा म्हणजे लिऊ. पन्नाशीला टेकलेला, आडवा बांधा, हातांच्या रेषांत कायमचं ग्रीस. पंप दुरुस्त करायचा. वहीत दोन रकाने आखून चुलतभाऊ समोरासमोर मांडून ठेवायचा आणि पुढच्या शनिवारी सगळे पाठ म्हणून दाखवायचा. चीनमध्ये त्याची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. इथलं कंत्राट जानेवारीत संपत होतं. ते आणखी दोन वर्षं वाढलं की मुलीचं कॉलेज मार्गी लागेल, असं त्याने एकदा ‘फ्यूचर’ या शब्दावर वाक्य करताना सांगितलं होतं.

दोन हजार पंधराच्या नोव्हेंबरमधला एक शनिवार. वर्ग सुटल्यावर लिऊ मागे थांबला. त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद होता, आणि तोंडावर लग्नाची पत्रिका द्यायला आल्यासारखं हसू.

“टीचर, कंपनीचा रिपोर्ट. बॉसने माझ्याविषयी लिहिलं. खाली माझी चौकट आहे, त्यात मी बुधवारपर्यंत इंग्रजीत उत्तर लिहायचं. मला थँक यू लिहायचंय. पण आधी तुम्ही वाचा, बॉसने काय लिहिलंय.”

सुलेखाने वाचलं. चौकटीत खूण होती ‘सॅटिसफॅक्टरी’वर. खाली शेरा होता, ‘काम ॲडिक्वेट आहे. कान नॉट बॅड.’ आणि त्याखाली सही. ती सही तिने मुलीच्या प्रगतिपुस्तकावर, गॅसच्या बिलावर आणि स्वतःच्या लग्नाच्या दाखल्यावर पाहिली होती.

लिऊ कोण हे तिला आत्ता कळलं. निशिकांत घरी ‘आमचा तो पंपवाला’ म्हणायचा, तोच हा. ऑगस्टमध्ये याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवून दांडा कानाशी धरला होता आणि सगळी मोजणीची यंत्रं ‘उत्तम’ म्हणत असताना, आतलं बेअरिंग मरतंय, पंप बंद करा, असा हट्ट धरला होता. पंप उघडला तेव्हा बेअरिंगचा भुगा निघाला. रात्रपाळीला तो फुटला असता तर जवळ उभ्या असलेल्या दोघातिघांचं काही खरं नव्हतं. त्या दिवशी निशिकांत घरी आला, दोन वेळा भात घेतला आणि म्हणाला, “बरा आहे तो.” सुलेखाने ते दोन पायऱ्या वर चढवून घेतलं होतं. कंपनी कशाला चढवून घेईल?

“चांगलं लिहिलंय ना?” लिऊने विचारलं. “मी शब्द पाहिला. ॲडिक्वेट म्हणजे पुरेसा. माणूस पुरेसा आहे, आणखी काय पाहिजे? आणि नॉट बॅड. आमच्याकडे पण असंच म्हणतात, ‘बू त्सुओ’. चूक नाही. माझे वडील मला जन्मात एकदाच तसं म्हणाले.”

म्हणजे शाबास. पुण्याच्या माणसाने जे मनात धरून लिहिलं ते चीनच्या माणसाने बिनचूक वाचलं होतं. दोघांच्या मध्ये गडबड होती ती फक्त ज्या भाषेत ते लिहिलं होतं त्या भाषेची, आणि ती शिकवायचं काम सुलेखाच्या गळ्यात होतं.

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं. पण या माणसाने तिच्या भरवशावर वहीत दोन रकाने आखले होते. तिने फळ्यावर पाच पायऱ्यांचा जिना काढला. सर्वांत वर आउटस्टँडिंग, मग व्हेरी गुड, गुड, सॅटिसफॅक्टरी, आणि तळाला पुअर. “कंपनीच्या कागदावर हा जिना असतो, मिस्टर लिऊ. तुम्ही इथे आहात,” असं म्हणून तिने वरून चौथ्या पायरीवर बोट ठेवलं. “आणि ॲडिक्वेट हा पुरेशाचा चुलतभाऊ आहे, पण त्याच्या घरी कुणी जेवायला जात नाही.”

लिऊने वही उघडून पाची पायऱ्या उतरवून घेतल्या.

“या वर्षी तेलाचा भाव पडलाय. खालच्या पायरीवरच्यांची कंत्राटं वाढणार नाहीत म्हणतात,” तो हळूच म्हणाला. “पण टीचर, बॉस वाईट नाही. त्याने मला स्वतःचा टॉर्च दिला.”

आपण त्या बॉसची बायको आहोत हे सुलेखाला सांगवलं नाही. तिला लाज वाटली. “चौकट कोरी ठेवा. बुधवारपर्यंत काहीतरी बदलेल,” एवढंच ती म्हणाली आणि भाजी न घेताच घरी आली.

निशिकांत जेवायला बसला होता. तेरा वर्षांची अश्लेषा समोर फोनमध्ये डोकं घालून.

“लिऊला तू सॅटिसफॅक्टरी दिलंस?” सुलेखाने चप्पल काढता काढता विचारलं.

“हो, दिलंय. सॅटिसफॅक्टरी म्हणजे समाधानकारक. माझं समाधान झालंय. माझं समाधान होणं ही काय खायची गोष्ट आहे?”

“बाबा, सॅटिसफॅक्टरी इज लाइक, जस्ट पास, लाह,” अश्लेषा मान वर न करता सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. “ॲडिक्वेट इज वर्स.”

“दरवर्षी हेच देतोय मी. कुणाचं काही बिघडलं नाही.”

ते खरं होतं, आणि त्याचं कारणही सुलेखाने खोदून काढलं. इतकी वर्षं निशिकांतच्या वर मिस्टर टॅन नावाचे एक म्हातारे साहेब होते. त्यांनी पहिल्याच वर्षी ओळखलं होतं की या भारतीय माणसाचं ‘सॅटिसफॅक्टरी’ म्हणजे ‘व्हेरी गुड’. ते निमूटपणे प्रत्येक कागद दोन पायऱ्या वर चढवायचे. म्हणजे जे काम सुलेखा घरी करत होती तेच टॅनसाहेब ऑफिसात करत होते, फरक इतकाच की त्यांना पगार होता. जूनमध्ये ते निवृत्त झाले. आता कागद थेट एचआरकडे जात होता, आणि एचआरला पुण्याची आत्या नव्हती.

“मग प्रतापला काय दिलंस?” सुलेखाने विचारलं. प्रताप म्हणजे कामाच्या वेळी कॅन्टीनमध्ये आणि जेवणाच्या वेळीही कॅन्टीनमध्येच सापडणारा इसम. त्याच्या नावाने निशिकांत आठवड्यातून चार वेळा घरी बोटं मोडायचा.

“व्हेरी गुड.”

“का?”

“त्याच्याविषयी लिहिणार काय? परक्या माणसाला वाईट कसं म्हणायचं? बरं दिसत नाही ते.” निशिकांतला हे इतकं उघड वाटत होतं की बायकोला का कळत नाही याचंच त्याला नवल वाटलं. “लिऊ आपला माणूस आहे. आपल्या माणसाचं तोंडावर कौतुक केलं की तो बिघडतो.”

सुलेखाने कपाळावर हात मारला. आपल्या माणसाला टोचायचं आणि परक्याला साखर द्यायची, हा धर्म घराच्या चार भिंतींत चालतो. हा गडी तो कंपनीच्या छापील कागदावर पाळत बसला होता. त्यापायी कामचुकार माणूस सुखरूप होता आणि ज्याच्या कानाने तिघांचा जीव वाचला तो माणूस दारात उभा होता. हे सगळं तिने त्याला ऐकवलं, कोल्हापुरी आवाजात. निशिकांतचा हात ताटातच थांबला. तो खरोखर घाबरला, हे तिला दिसलं. लिऊ जाऊ शकतो हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

“सोमवारी एचआरकडे जातो. बुधवारपर्यंत दुरुस्ती करता येते,” तो म्हणाला.

“आणि काय लिहिशील?”

“लिहीन काहीतरी बरं.”

त्या ‘बरं’वर सुलेखाचा विश्वास उरला नव्हता. तिने फ्रिजवरचा छोटा पांढरा फळा काढून आणला, त्यावर तोच जिना काढला आणि नवऱ्याची शिकवणी घेतली. चहा होईपर्यंत, चहा झाल्यावर, आणि कपडे वाळत घालतानाही.

“म्हण. लिऊ इज आउटस्टँडिंग.”

“लिऊ इज…” निशिकांतने चहाचा घोट घेतला. “फेअरली गुड.”

“फेअरली काढ.”

“अगं, पण आउटस्टँडिंग म्हणजे काय? देव आहे का तो? उद्या याहून चांगला माणूस आला तर त्याला काय लिहू?”

बारा चिनी माणसांना जे तीन महिन्यांत साधलं ते इंजिनियर नवऱ्याला सबंध शनिवारात साधेना. तो शब्द त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकायचा. अश्लेषाने एकदा मध्येच म्हणून दाखवला, अगदी सहज, पॉपकॉर्न तोंडात असताना. निशिकांतने मुलीकडे आदराने पाहिलं. शेवटी सुलेखा एक पायरी खाली आली. “निदान व्हेरी गुड. त्याच्या खाली नको. कबूल?”

“बघतो,” निशिकांत म्हणाला. हा शब्दही खरं तर दोन पायऱ्या वर चढवून घ्यायचा असतो. सुलेखाने सवयीने चढवून घेतला, आणि तिथेच चुकली.

बुधवारी तो कंपनीच्या बसमधून उतरून, ट्रेन बदलून घरी आला तो शीळ घालत. हात धुतले, सोफ्यावर बसला आणि युद्ध जिंकून आल्यासारखा म्हणाला, “केलं. गुड केलं.”

“व्हेरी गुड?”

“गुड. ती एचआरची मुलगी पण विचारत होती, फक्त गुड का. मी सांगितलं, गुड इज गुड. चांगला आहे म्हटल्यावर चांगल्या माणसाला कोण काढेल? ते ‘व्हेरी’ म्हणजे हांजी हांजी वाटतं. शेरा पण बदलला. ॲडिक्वेट काढून ‘ऑल राइट’ लिहिलं.”

एका पायरीसाठी या माणसाने वाडवडिलांशी केवढं भांडण केलं असेल, हे सुलेखाला कळत होतं. म्हणून तिला पूर्ण ओरडताही येईना. “उद्या परत जा,” ती म्हणाली. पण मुदत बुधवारचीच होती. एचआरचा संगणक संध्याकाळी सहाला बंद झाला. तो वेळ पाळण्यात मात्र आउटस्टँडिंग निघाला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात यादी लागली. वरच्या दोन पायऱ्यांवरच्यांचीच कंत्राटं वाढली होती. प्रतापचं वाढलं. त्याने कॅन्टीनमध्ये सगळ्यांना कॉफी पाजली.

निशिकांत नव्या साहेबाकडे गेला, हे सांगितलं पाहिजे. बोलावल्याशिवाय साहेबाच्या दारावर त्याने जन्मात पहिल्यांदा टकटक केली. लिऊला ठेवून घ्या म्हणाला. साहेबाने संगणकात पाहिलं. “तुम्हीच तर गुड दिलंय. सांगा मला, माणूस किती चांगला आहे?” फ्रिजवरचा जिना निशिकांतच्या डोळ्यांपुढे होता. वरचा शब्द माहीत होता, जिभेवरही आला होता. पण दुसऱ्या माणसासमोर, भर दिवसा, मोठ्याने? “ही इज… क्वाइट ऑल राइट, सर,” तो म्हणाला. साहेबाने मान हलवली आणि पुढची फाइल उघडली. हे सगळं त्याने स्वतःच सुलेखाला सांगितलं, भिंतीकडे बघत.

चिनी नववर्षाच्या आठवडाभर आधीचा शनिवार हा लिऊचा शेवटचा वर्ग होता. मंगळवारचं विमान होतं. त्याने सगळ्यांसाठी संत्री आणली होती आणि सुलेखासाठी एक पत्र.

“बॉसला लिहिलंय. चुका काढा, टीचर. विशेषणं नीट आलीत का बघा.”

पत्र छोटं होतं. ‘डिअर बॉस, मी चार वर्षं तुमच्याकडे काम केलं. तुम्ही मला टॉर्च दिला आणि माझ्या कानावर विश्वास ठेवला. तुम्ही आउटस्टँडिंग बॉस आहात. तुमची पत्नी आउटस्टँडिंग टीचर आहे. मी तुमच्याविषयी माझ्या मुलीला सांगतो.’

सुलेखाने वर पाहिलं. “तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. बॉसनेच मला इथे पाठवलं. म्हणाला, इंग्रजी शीक, माझी बायको शिकवते, नॉट बॅड टीचर आहे. रोज डबा उघडला की म्हणतो, नॉट बॅड. म्हणून मी तो कागद आधी तुम्हाला दाखवायला आणला. मला वाटलं, तुमच्या नवऱ्याने माझं कौतुक केलंय, तुम्हाला आनंद होईल.” मग पत्रावर बोट ठेवून म्हणाला, “आउटस्टँडिंग. सर्वांत वरची पायरी. बरोबर ना?”

सुलेखाचे डोळे भरून आले. ते तिने लपवले नाहीत. “बरोबर,” ती म्हणाली. लाल पेन हातात होतं, पण त्या पत्रात चूक एकही नव्हती. खाली तिने बरोबरची खूण केली. लिऊने ते पत्र घडी करून तिच्याच हातात दिलं. “तुम्हीच द्या. मी दिलं तर बॉस लाजेल.”

दुपारी तिने ते निशिकांतच्या हातात ठेवलं. त्याने उभ्याने वाचलं, मग बसून परत वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नाक लाल झालं होतं. सुलेखा समोर उभी राहिली आणि वाट पाहू लागली. फ्रिजवर फळा तसाच होता, पाची पायऱ्यांसकट. घरात तिसरं कुणी नव्हतं. साहेब नव्हता, एचआर नव्हतं.

निशिकांतने पत्राची घडी घातली, पाकिटात ठेवली आणि घसा खाकरला.

“बरं लिहिलंय,” तो म्हणाला.

गेल्या पंधरा वर्षांत सुलेखाने असा प्रत्येक शब्द उचलून दोन पायऱ्या वर नेऊन ठेवला होता. आज तिने तो जिथे पडला तिथेच राहू दिला.